कानसेनांचा कान

माणसाला हेकट म्हणा, तिरसट म्हणा, चहात तीन चमचे साखर घेतो म्हणून नावं ठेवा. पण ज्याने छत्तीस वर्षं नुसत्या कानाच्या जोरावर अख्ख्या गावाचे नळ चालू ठेवले, त्याला बहिरा म्हणायचं? आणि तेही त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर बसून?

पंपहाऊसचे हेड फिटर त्या रविवारी सकाळी खवळले ते यामुळे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच; कामावर सगळे त्यांना कानसेन म्हणायचे, आणि हा मान काही फुकटात मिळाला नव्हता. बाविसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा त्यांच्या उस्तादांनी हातात लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर दिला आणि सांगितलं, "टोक मशीनला, मूठ कानाला. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." तेव्हापासून कानसेन पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, याचं मागचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. आठ दिवसांत ते जायचंच. एकदा नव्या साहेबांनी तपासणीचं यंत्र आणलं. त्याच्या पडद्यावर सगळं हिरवंगार. कानसेन म्हणाले, "तीन नंबर बंद करा." साहेब हसले. संध्याकाळी तीन नंबरचा शाफ्ट तुटला आणि निम्मं गाव बादल्या घेऊन टँकरपुढे उभं राहिलं. त्या दिवसापासून साहेब आधी कानसेनांकडे बघायचे आणि मग पडद्याकडे.

आता अशा माणसाच्या घरात काय चाललं होतं ते बघा.

मुलाने टीव्हीखालच्या कपाटात एक काळा डबा आणून ठेवला होता. डबा म्हणजे वहीएवढा कॉम्प्युटरच. घरातले सगळे सिनेमे आणि जुनी गाणी त्यात भरलेली. टीव्हीवर नाव निवडलं की डब्याने ते पाठवायचं आणि आपण पाय पसरून बघायचं. कल्पना झकास होती, तिच्याबद्दल कानसेनांची तक्रार नव्हती. तक्रार होती आवाजाची. बातम्या स्वच्छ ऐकू यायच्या, डब्यातली गाणीही स्वच्छ. पण डब्यातला सिनेमा लावला की ढोलताशे कानावर आदळायचे आणि माणसं बोलायला लागली की तोंडात बोळा कोंबल्यासारखी. लांबलचक नवा स्पीकर टीव्हीखाली आणून ठेवला होता सहा महिन्यांपूर्वी, त्यानेही काही फरक पडला नव्हता.

"बोलणं दबलेलं येतंय," कानसेन म्हणायचे.

"काही दबलेलं नाही, बाबा!" मुलगा ओरडून सांगायचा आणि आवाज आणखी दोन घरं वाढवायचा. "मला तर व्यवस्थित येतंय!"

हे ओरडणं तर त्यांच्या डोक्यात जायचं. गेलं वर्षभर पोरगा असाच वरच्या पट्टीत बोलत होता. समोर बाप बसलाय की नदीच्या पलीकडचा नावाडी? "अरे, हळू बोल, मी इथेच आहे," असं शंभरदा सांगून झालं. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बायकोला विचारावं तर ती म्हणायची, "मला सगळं कळतं बाई. तुमचंच आपलं काहीतरी." सूनबाई मोबाईलमधून मान वर न काढता म्हणायची, "ठीकच वाटतंय की, बाबा." म्हणजे तिघं एका बाजूला आणि कानसेन एकटे.

त्या रविवारी चहा घेताना मुलाने जाहीर करून टाकलं, "उद्या दहा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तुमच्यासाठी. तपासून घेऊ. लागलंच तर यंत्र बसवू, हल्ली अगदी छोटी मिळतात!"

कानसेनांचा कप बशीत असा आदळला की चहा टेबलभर झाला. यंत्र! पंपहाऊसचा नियम साधा होता. ऐकू कमी येतं अशी कागदावर नोंद झाली की फिटरला मशीनजवळ उभं करायचं नाही, सरळ गोदामात बसवायचं, नटबोल्ट मोजायला. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. छत्तीस वर्षं ज्या पंपांशी गप्पा मारल्या, त्यांच्याकडे भिंतीपलीकडून पाठ करून बसायचं? त्यापेक्षा घरी बसवा. आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीतीही होती. तीन माणसं एकच गोष्ट म्हणतात तेव्हा चौथ्याच्या मनात पाल चुकचुकतेच. खरंच गेले असतील का कान?

"विचारलंस मला?" ते कडाडले. "बापाचे कान तपासायचे, तर बापाला विचारायची पद्धत आहे का नाही या घरात?"

"अहो, पोरगा काळजीनेच बोलतोय ना," बायको चहा पुसत म्हणाली.

"काळजी? मग त्या डब्याची करा! लाव सिनेमा. आत्ताच्या आत्ता लाव!"

त्यांनी कामाच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. बायकोने कपाळाला हात लावला. कानसेन टीव्हीपुढे फरशीवर बसले, कपाटाचं दार उघडलं, टोक डब्याला टेकवलं आणि मूठ उजव्या कानाशी धरून डोळे मिटले.

"आधी गाणं लाव."

गाणं लागलं. डबा गपगार.

"आता सिनेमा."

सिनेमा सुरू झाला आणि दहा सेकंदांत डब्यातला पंखा घरघरायला लागला. कानसेनांनी वरून हात ठेवला. डबा तापत होता.

"हा डबा काय करतो म्हणालास? आहे ते नुसतं पुढे पाठवतो, हो ना?"

"हो."

"मग घाम कशाचा गाळतोय? पाणी आपसूक उतारावरून जात असेल तर पंप कशाला धापा टाकेल? आत काहीतरी दळतोय हा. ये इकडे, ऐक!"

मुलगा नाइलाजाने खाली बसला. कॉल सेंटरमध्ये तो दिवसभर डाव्या कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकायचा, त्याच सवयीने त्याने मूठ डाव्या कानाला लावली. क्षणभर थांबून म्हणाला, "काहीच येत नाहीये."

"थट्टा करतोस बापाची?"

"नाही हो, बाबा! खरंच काही नाही!"

"मग तुझा तो लॅपटॉप आण. डब्याच्या पोटात काय चाललंय ते दाखव मला."

मुलाने लॅपटॉप आणला, डब्याचं पान उघडलं, आणि त्याचा चेहरा उतरला. चित्रापुढे लिहिलं होतं, जसंच्या तसं. आवाजापुढे लिहिलं होतं, रूपांतर चालू.

"म्हणजे काय?" कानसेनांनी विचारलं.

मुलगा मान खाली घालून सांगायला लागला. सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येतो, त्यातली मधली वाट खास बोलण्याची. टीव्हीला आधी दोनच स्पीकर होते, म्हणून त्याने डब्याला सांगून ठेवलं होतं की सहाचे दोन करून पाठव. ते करताना डबा बोलणं बाकीच्या गोंगाटात दाबून टाकत होता. पुढे नवा स्पीकर आला, तो सहाही वाटा स्वतः घेऊ शकत होता. पण डब्याला हे सांगायचं मात्र राहून गेलं. गाणी मुळातच दोन वाटांची, म्हणून ती सुटली.

"राहून गेलं!" कानसेन ताडकन उठले. "सहा माणसांचा स्वयंपाक दोन वाट्यांत कोंबायचा, त्याचा लगदा वाढायचा, आणि चव लागत नाही म्हणणाऱ्याची जीभ तपासायला न्यायची? वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी! सहा महिने मी या घरात बहिरा म्हणून फिरतोय. सहा महिने!"

मुलाने त्या पानावरची खूण बदलली. आवाजापुढे आता आलं, जसाच्या तसा. पंख्याची घरघर हळूहळू थांबली. पडद्यावर एक बाई दाराआड उभी होती, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तिचा श्वास ऐकू आला. मग ती कुजबुजली, "परत येऊ नकोस."

"अगंबाई!" बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. "ही बोलते होय इथे? मला वाटायचं नुसतीच रडते."

"तुला सगळं कळत होतं ना?"

"खाली अक्षरं येतात ती वाचते मी," ती ओशाळून म्हणाली. "इथे कधी अक्षरं आली नाहीत."

सूनबाईनेही मोबाईल उलटा ठेवला. "बाबा, खरंच की हो. केवढा फरक आहे. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं, चुकलं माझं."

कानसेन सोफ्यावर ऐसपैस बसले. छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटायची. बाजूला मुलगा लॅपटॉपच्या पानाकडे बघत बसला होता. "झालं बघा," तो मोठ्याने म्हणाला. "आता इथे सगळं बरोबर दाखवतंय. तुम्हाला फरक वाटतोय का, बाबा?"

"मला? तुला नाही वाटत?"

मुलगा गडबडला. "वाटतोय की. म्हणजे, इथे तसं लिहिलंय."

"मागे घे जरा सिनेमा," कानसेन म्हणाले. बाई पुन्हा दाराआड आली, पुन्हा कुजबुजली. "काय म्हणाली ती?"

"कोण?" मुलाने विचारलं.

बायको हसली. कानसेनांच्याही जिभेवर एक सणसणीत टोला तयार होता, सहा महिन्यांचा हिशोब चुकता करणारा. पण तो ओठांशीच थांबला. स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानाशी धरून "काहीच येत नाहीये" म्हणणारा पोरगा त्यांना दिसला. खोटं बोलत नव्हता तो. वर्षभर ओरडत होता तोही बापासाठी नाही. आणि टीव्हीचा आवाज दरवेळी कोण वाढवायचं? पंपहाऊसच्या पाचही पंपांची कुरकुर ओळखणाऱ्या माणसाला आपल्या पोटच्या पोराची कळली नव्हती. सगळा राग कुठल्या कुठे गेला.

मुलाने फोन उचलला होता. "डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द करतो, बाबा. सॉरी."

कानसेन त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. ते तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "रद्द नको करूस. माझं नाव काढ आणि तुझं घाल. मी येतो तुझ्याबरोबर."

मुलगा फोनमध्ये नंबर शोधत राहिला.

कानसेन उठले, सोफ्याला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि तेच पुन्हा म्हणाले.