टाइपकाकांची पत्रिका

"अहो, ही लग्नपत्रिका आहे की घर खाली करायची नोटीस?"

व्याही दारातूनच ओरडले. आवाज असा, की नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या निलगायी थेट यमुनेपार पळाल्या. तेव्हा तिथं माणसांपेक्षा निलगायीच जास्त होत्या.

ज्यांच्यावर हा हल्ला झाला ते आमचे शेजारी, टाइपकाका. जन्मभर दिल्लीतल्या एका मंत्रालयात टायपिस्ट. बोलणंसुद्धा टकटक. वाक्य संपलं की डावा हात हवेत उजवीकडे ढकलायचे. कागदाची नवी ओळ सुरू करायची जन्माची सवय. त्या बाजूला बसलेला पाहुणा कपबशीसकट सोफ्याखाली. त्यांच्या शेजारी बसून मी अर्धं कपाट शर्ट चहात बुडवले आहेत.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. मशीन भंगारात गेलं, पाठोपाठ काका पेन्शनीत. "मशीन घरी नेऊ का?" म्हणून विचारलं, तर साहेब नुसते हसले.

अशात मृणालचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं. मार्केटातल्या कॉम्प्युटरवाल्यानं पत्रिकेसाठी ढिगानं फॉन्ट दाखवले. एकेक अक्षर इतकं नटलेलं, की मांडवात नवरीची गरजच नव्हती. काकांनी बोट ठेवलं ते टाइपरायटरी वळणावर. अक्षरं सुटी सुटी, डोक्यावरची रेघ जागोजाग तुटलेली, शाई फिकी.

"अंकल, शादी का कार्ड है, एफआयआर नहीं!"

"बेटा, दुबला 'र' हो या मोटा 'क', इसमें सबको कुर्सी बराबर मिलती है," काका म्हणाले, आणि हाताच्या फटक्यानं त्याचा माउस टेबलाखाली गेला.

पत्रिका वाटल्या आणि गुडगावला मृणालच्या सासरी हाहाकार उडाला. वराच्या आत्यानं ती अक्षरं बघूनच घराचे कागद शोधायला घेतले. चुलते न वाचताच वकिलाकडे धावले. वकिलानं मात्र पूर्ण वाचली आणि विचारलं, "जेवण कितीला आहे?"

म्हणून व्याही आले होते. "उद्याच्या उद्या सोनेरी अक्षरांत नवी छापा. नाहीतर बारात येणार नाही. बिल्कुल नाही!"

मृणाल आतून बाहेर आली. चेहरा उतरलेला. "बाबा, छापू या ना नवी."

"छापतो गं," काका म्हणाले. हात मांडीवरून हलला नाही.

व्याहीच जरा वरमले. "पण एवढा हट्ट कशाला होता, अहो?"

"हट्ट कसला? जन्मभर साहेबांची पत्रं बडवली. अक्षरं माझी, खाली नाव त्यांचं. हा एकच कागद असा, ज्याच्या खाली माझं नाव येणार होतं. वाटलं, आपल्याच अक्षरांत यावं."

व्याह्यांनी पत्रिका पुन्हा उघडली. खालच्या ओळीवर बराच वेळ नजर ठेवली, मग घडी घालून खिशात टाकली.

"राहू द्या हीच. मी करतो सगळ्यांना फोन."