काजळी खरी की तोतया?

संस्थेत त्यांना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की शंकासुर. ताईंना दोन्ही नावं ठाऊक होती. दुसरं नाव कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा एका माणसावर संशय होता, आणि तो बहुतेक बरोबरच होता.

घराला कुलूप लावलं की त्या ते ओढून बघत, जिन्यापर्यंत जात, परत येत आणि पुन्हा ओढून बघत. भाजीवाली 'आजचीच आहे' म्हणाली की जुडी उलटी करून देठ तपासत. नवरा एखाद्या दिवशी फारच गोड बोलला तर विचारत, "काय फोडलंत?" आणि काहीतरी फुटलेलं असेच.

लहानपणी त्यांच्या घराची मागची भिंत कपडे धुण्याच्या एका कारखान्याला लागून होती. पलीकडे कपडे उकळायची मोठी भट्टी. एकदा मालकाने दाराला टाळं लावलं आणि धंदा बसला असं सगळीकडे सांगितलं. गल्ली हळहळली. या मुलीने मात्र भिंतीला तळवा लावून पाहिला.

"आई, आत भट्टी पेटलीय."

"गप बस. लोकांच्या पडत्या काळात असं वेडंवाकडं बोलू नये."

पुढे कळलं की कामगारांना घरी बसवून मालक आपल्या मेव्हण्यांना घेऊन मागच्या दाराने काम उरकत होता. आईने काही कबूल केलं नाही, पण नंतर कोणाबद्दल शंका आली की ती मुलीकडे एकदा बघून घेई.

मोठेपणी ताई तेच करत राहिल्या, फक्त भिंत फार लांब गेली. आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मेळे, म्हणजे दीर्घिका, आकाशात अगणित आहेत. काहींच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर असतं. भोवतालचा वायू त्यात ओढला जातो तेव्हा जाता जाता तो असा पेटतो की मेळ्यातले सगळे तारे त्यापुढे फिके पडावेत. पण पुष्कळदा या सगळ्याभोवती धुळीचा दाट पडदा असतो. साध्या दुर्बिणीतून तिथे एक मंद, मळकट ठिपका दिसतो. तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही असा चेहरा. पण धूळ तापते, आणि तापलेली धूळ डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, म्हणजे उष्णतेचा प्रकाश, बाहेर टाकते. तो टिपायला एक दुर्बीण पृथ्वीबाहेर पाठवली होती. तिने पाठवलेल्या चित्रांत गरम भिंती शोधायच्या, ही ताईंची नोकरी.

"साधीभोळी दिसते ना?" त्या म्हणत. "मग हिच्याकडे आधी बघा."

या कामात एक जुनी रीत होती. शोधणाऱ्याला जे शोधायचं तेच दिसायला लागतं, हा माणसाचा खोडसाळपणा सगळ्यांना माहीत असतो. म्हणून दर हंगामात कोणीतरी एक जण चित्रांमध्ये गुपचूप काही बनावट दीर्घिका पेरून ठेवी. संस्थेत त्यांना तोतये म्हणत. चित्रं पारखणाऱ्याने यादीचे दोन भाग करायचे, एकात खऱ्या दीर्घिका, दुसऱ्यात ओळखलेले तोतये. मग पेरणारा ती यादी ताडून बघे आणि किती तोतये सुटले ते सभेत उभा राहून सांगे. एक जरी तोतया खऱ्यांत सापडला तरी सगळी यादी बाद. तोवर पेरणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि पारखणाऱ्याने विचारायचा नाही.

पेरण्याचं काम लंबूकडे असे. लंबू म्हणजे संस्थेचा संगणकवाला. दारातून वाकून येणारा, हुशार, आणि काम पुढे ढकलण्यात त्याहून हुशार. ताईंकडूनच तो हे सगळं शिकला होता. आजवर त्याचा एकही तोतया ताईंच्या हातून सुटला नव्हता.

यंदाची गोष्ट वेगळी होती. दुर्बिणीला गार ठेवणारा द्रव संपत आला होता. तो संपला की दुर्बीण स्वतःच्याच उबेने आंधळी होणार. मंजूर यादीतल्या दीर्घिकांकडे ती शेवटची रोखून बघणार होती, त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट घेणार होती, आणि आत खरंच कृष्णविवर गिळतंय की नुसते नवे तारे जन्मून धूळ तापवताहेत ते कळणार होतं. यादी बाद झाली तर पुढचा हंगाम नव्हता.

आणि यंदाच ताईंना काजळी सापडली.

नाव त्यांनीच ठेवलं. साध्या प्रकाशात पुसट डाग, बस. अवरक्तात मात्र ती अशी धगधगत होती की ताईंनी खुर्ची मागे सरकवली. इतकी वर्षं त्या जिची वाट बघत होत्या ती हीच. ताईंना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणूनच संशय आला.

'मला काय आवडतं हे कोणाला माहीत आहे?' त्यांनी मनाशी विचारलं. उत्तर एकच होतं. लंबूला.

त्या दिवसापासून त्या लंबूवर नजर ठेवू लागल्या. एरवी तो काम करताना शीळ घाली, ती बंद झाली होती. ताई जवळून गेल्या की तो पडद्यावरचं काहीतरी मिटवी. आणि एका सकाळी तो चक्क चहा घेऊन आला.

"ताई, चहा."

"माझ्यासाठी?"

"हो. बिनसाखरेचा. तुम्हाला चालतो ना?"

"चालतो. पण तू आणलेला चालतो की नाही ते बघायला हवं. काय रे, आज सूर्य कुठून उगवला?"

लंबू हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. तो गेल्यावर ताईंनी चहा हुंगून बघितला. चहात काही नव्हतं. काहीतरी होतं ते लंबूत होतं.

ताईंचा नवरा खोट्या दातांच्या कवळ्या बनवी. पुढच्या खोलीत त्याचं टेबल, त्यावर मेणाचे तुकडे, छोटी घासणी आणि कोणाकोणाचे साच्यातले जबडे. त्या दिवशी जेवताना ताई म्हणाल्या, "अहो, बनावट गोष्ट ओळखायची कशी?"

"माझी ओळखता येत नाही."

"बढाया पुरे. सांगा ना."

"नवशिका सगळे दात एका रेषेत, शुभ्र बसवतो. ते लगेच कळतं. मी एखादा किंचित वाकडा बसवतो, एखाद्यावर थोडा पिवळेपणा ठेवतो. मग शेजारीणसुद्धा फसते."

ताईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आतापर्यंत फार नीटनेटक्या, फार गोल दिसणाऱ्या काही दीर्घिका तोतये म्हणून बाजूला काढल्या होत्या. काजळी मात्र एका बाजूला दबलेली होती, आणि त्या दबलेपणावर विश्वास टाकूनच त्यांनी तिला खऱ्यांत ठेवलं होतं. म्हणजे लंबूने वाकडा दात बसवला असेल तर?

"का गं, आमटी खारट झाली का?" नवऱ्याने विचारलं.

"आमटी ठीक आहे. तुमचा धंदा वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काजळीला पार मुळापासून धरलं. दुर्बिणीच्या डोळ्याला एक खोड होती. एखादी तेजस्वी वस्तू टिपली की तिचा ओलसर ठसा त्याच जागी थोडा वेळ राहून जाई. दुर्बीण दुसरीकडे वळली तरी पुढच्या चित्रात तो भुतासारखा अंधुक दिसे. पक्की चित्रं तयार करताना तो पुसून टाकत, पण कच्च्या चित्रांत तो असे. लंबू पेरी कच्च्या चित्रांतच, पण एक तोतया एकाच चित्रात. त्याच्या तोतयाला पुढच्या चित्रात ठसा कुठून असणार?

ताईंनी काजळीच्या पुढचं कच्चं चित्र काढलं. ठसा होता. अंधुक, एका बाजूला दबलेला, काजळीचाच.

त्यांनी सुस्कारा सोडला आणि अर्ध्यातच थांबवला. ठशाची ही गोष्ट गेल्या वर्षी लंबूला कोणी सांगितली होती? त्यांनीच, शहाण्यासारखी, जिन्यात उभं राहून. तो 'वा ताई, वा' म्हणाला होता. म्हणजे आता तो ठसेसुद्धा पेरत असेल!

संशयाच्या विहिरीला तळ नसतो, पण ताईंना पोहता येत होतं. त्यांनी तोतये म्हणून काढलेल्या नीटनेटक्या दीर्घिका परत घेतल्या आणि त्यांचे ठसे शोधले. पहिलीचा होता. दुसरीचा होता. होता होता सगळ्यांचेच सापडले. मग खऱ्यांच्या भागातल्याही एकूण एक तपासल्या, त्यांचेही होते.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग लंबूकडे. तो नख चावत होता.

माणूस त्यांना पाठ होता. एखाद्या तोतयाला त्याने हौसेने ठसा दिला असता. दोघांना देता देता कंटाळला असता. सगळ्यांना, न चुकता? हा लंबू? टेबलावरचा कप विसळायला जो शेजाऱ्याची वाट बघतो तो? मग शीळ का बंद, चहा कशासाठी, ते ताईंना हळूहळू कळू लागलं. यंदाच्या चित्रांत तोतये नव्हतेच.

पण ही काही सुटका नव्हती. पारख न झालेली यादी कोणी मंजूर करत नाही. थोरल्या बाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, हे कळलं तर यादी जाणार, काजळी जाणार. आणि ताई गप्प राहिल्या तर? नीटनेटक्या दीर्घिका तोतयांच्या भागात तशाच राहू द्यायच्या. लंबू सांगेल की सगळे पकडले. टाळ्या पडतील. दुर्बीण काजळीकडे वळेल.

ताईंनी दुपारभर विचार केला. मग बाजूला काढलेल्या सगळ्या दीर्घिका परत खऱ्यांत टाकल्या. तोतयांचा भाग कोरा ठेवला, आणि यादी कोणाला न दाखवता मिटून घेतली. ताडून बघायला लंबूनेही ती मागितली नाही.

सभेत थोरल्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, आणि समोरच्याला जास्त बोलायला लावणाऱ्या.

"हं, लंबू. किती सुटले?"

लंबू उठला. दिव्याला डोकं लागू नये म्हणून वाकला, की शरमेने, कोण जाणे. "एकही नाही. ताईंनी सगळे पकडले. नेहमीप्रमाणेच."

कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले.

"मी एकही पकडला नाही," ताई म्हणाल्या आणि यादी पुढे सरकवली. "दुसरा भाग कोरा आहे. मग यानं मोजलं काय?"

थोरल्या बाईंनी यादी पाहिली, लंबूकडे पाहिलं. लंबूचे कान लाल झाले.

"चुकलं," तो अखेर म्हणाला. "पेरले होते, पण गेल्या हंगामाच्या चित्रांत. कळलं तेव्हा ताईंचं काम अर्धं झालं होतं. वाटलं, ताई काय, चुकायच्या थोड्याच. म्हणून..."

"म्हणून चहा," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला कळलं होतं," थोरल्या बाई म्हणाल्या. "गप्प राहिला असतात तर यादी गेली असती वर."

"गेली असती. आणि मग आयुष्यभर काजळीकडे बघताना मला वाटलं असतं की ही पारखून नाही, फसवून आणली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला झोप लागली नसती."

"नियम म्हणजे नियम."

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणून म्हणते, आज पारखा. आत्ता."

थोरल्या बाईंनी यादी मिटून ताईंच्या हातात परत दिली. मग लंबूला म्हणाल्या, "जा. यंदाच्या ज्या चित्रांना ताईंनी अजून हात लावला नाही, त्यांत पेर. आणि त्या फसतील असं पेर, दया करू नकोस."

लंबूने या वेळी जीव ओतला. ताईंनी नवी चित्रं घेतली. काजळीचं काय व्हायचं ते यावरच ठरणार होतं. काही तोतये ठशाविना होते, ते लगेच उघडे पडले. एक मात्र थोडा वाकडा, मळकट, आणि पुढच्या चित्रात त्याचा ठसाही. ताईंनी त्याच्यापुढचं चित्र काढलं, आणि त्याच्याही पुढचं. खरा ठसा एकदम जात नाही, विरत विरत जातो. हा एका चित्रात होता आणि पुढे साफ. काजळीचा मात्र प्रत्येक चित्रात थोडाथोडा फिका होत गेला होता.

"हाही तुझाच," ताई म्हणाल्या.

लंबूने मान डोलावली. "तो माझा वाकडा दात होता," असं तो म्हणाला नाही, कारण त्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती. पण ताईंना तसं ऐकू आलं, आणि त्या हसल्या.

यादी गेली. द्रव संपायच्या आधी दुर्बीण काजळीकडे वळली. वर्णपट आला तेव्हा सगळे ताईंच्या टेबलाभोवती जमले. मध्ये धुळीने प्रकाश गिळल्याची खोल दरी, आणि तिच्या पलीकडे एक बारीक, टोकदार रेघ. नुसत्या ताऱ्यांच्या धगीने अशी रेघ उमटत नाही. तेवढी धग एकाच गोष्टीची, गिळणाऱ्या कृष्णविवराची. भिंतीपलीकडे भट्टी पेटलेली होती.

थोरल्या बाईंनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. लंबूने नकळत शीळ घातली आणि जीभ चावली.

ताई चष्मा काढून पुसत होत्या. त्यांनी तो पुन्हा लावला, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि मान वळवली.

"लंबू," त्या म्हणाल्या, "ही फारच चांगली आलीय रे. तू काही केलं नाहीस ना?"