चष्मेवाल्यांचा नेहमीचा प्रश्न

चष्मेवाल्यांच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न चालायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, जड गोल फ्रेम नाकावर चढवायची, एक काच काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" गिऱ्हाईक सांगेल तो शब्द शेवटचा. उभा जन्म त्यात गेला.

घरात मात्र त्यांनी वेगळाच प्रश्न लावून धरला होता. त्यांचा मुलगा छोट्या (सहा फुटी गडी, पण नाव चिकटलं ते चिकटलं) परगावाहून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "माझ्यासाठी मुली बघू नका. माझं एका मुलावर प्रेम आहे, आम्ही एकत्र राहतो." आई वाढायची थांबली. चष्मेवाले म्हणाले, "हे जन्मापासूनचं, की तिकडे जाऊन ठरवलंस?"

छोट्या परत गेला, प्रश्न घरात मुक्कामाला राहिला. जन्मापासूनचं म्हणावं, तर आलं कुणाकडून?

"तुमच्या घराण्यात सगळेच तऱ्हेवाईक," बायको म्हणायची.

"आणि तुझा मामा काय कमी होता का?" चष्मेवाले गुरकायचे.

बिचारा मामा मिशांना पीळ देत पाच पोरांचा बाप होऊन गेला होता, पण त्यालाही सोडलं नाही. ठरवलं म्हणावं, तर संस्कार कुणाचे कमी पडले यावर जुंपायची. फासे कसेही टाका, खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचंच. खरं सांगायचं तर दोघंही मनातल्या मनात ते स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेत होते.

छोट्या फोनवर एकदाच चिडला. चिडला कसला, थकला होता. "बाबा, यातलं कोणतं उत्तर दिलं की तुम्ही पूर्वीसारखे बोलाल? सांगा, तेच देतो." मग त्यानं फोन करणंच सोडलं. चष्मेवाल्यांना घास गोड लागेना. पोरगा हातचा जातोय हे कळत होतं, पण घोडं तिथेच अडलं होतं.

अशात एक बाई शाळकरी मुलीला घेऊन दुकानात आली. "मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून हिलाही हवाय. नुसती नाटकं!"

चष्मेवाल्यांनी काच बदलली. "हे बरं की मघाचं?"

"हे," मुलगी हळूच म्हणाली. "अक्षरं सुटी सुटी झाली."

"खोटं बोलतेय. आमच्या घरात कुणालाच चष्मा नाही!"

"ताई, डोळा तिचा आहे," चष्मेवाले म्हणाले. "तिला काय दिसतं ते तीच सांगणार. आपण ऐकायचं."

सवयीनं बोलून गेले आणि काच हातात धरून तसेच उभे राहिले. परक्या पोरीवर विश्वास ठेवायला त्यांना क्षणही लागला नव्हता. पोटच्या पोराची मात्र उलटतपासणी चालली होती. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त छोट्याची आठवण आली.

मायलेकी गेल्यावर त्यांनी फोन लावला.

"बाबा?" पलीकडून सावध आवाज आला. "परत तेच विचारायचंय का?"

"नाही. ते संपलं." चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "त्याला चष्मा आहे का रे?"

"कुणाला?"

"तुझ्या... तुझ्या माणसाला."

"आहे," छोट्या म्हणाला.

"नाकावरून घसरतो का?"

"सारखा. दिवसभर वर ढकलत असतो."

"कुणी बसवून दिलाय कोण जाणे," चष्मेवाले करवादले. "येताना त्याला घेऊन ये. मी नीट बसवून देतो."