आनंदी गडी

माझ्या दोघी भाच्या वाचनालयात जुन्या अमेरिकन गोष्टींचं मराठी पुस्तक बघत होत्या. चित्रात एक काळा माणूस मालकाच्या मुलाला पाठीवर घेऊन हसत होता. खाली छापलं होतं, ‘आनंदी गडी’.

“मावशी, हा कबड्डीतला गडी?” थोरलीनं विचारलं.

“खेळातला नाही गं. गुलाम आहे, विकत घेतलेला.”

“मग हसतोय कशाला?”

“पुस्तकवाल्यांनी हसवलाय.”

सरळ ‘गुलाम’ छापायला यांचं काय जात होतं? चाबूक गाळायचा, बेडी गाळायची आणि उरलेलं मुलांच्या हातात द्यायचं. अशा गोष्टी ऐकत तिकडे पिढ्या निवांत झोपल्या.

थोरली अजून चित्रच बघत होती. मग धाकटीला म्हणाली, “ए, तू गडी हो. मला पाठीवर घे.”

धाकटी हसत हसत ओणवी झाली.