इखाची चिठ्ठी

नव्वदच्या दशकात शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. एके सकाळी निमोण्याहून एक म्हातारा गोणीत मांजर घेऊन आला. मांजर टेबलावर ठेवताना त्याचा हात फुलासारखा हलका होता, पण बगलेतली काठी त्यानं सोडली नाही.

"शेजाऱ्यानं इख घातलंय. चिठ्ठीवर तेवढं लिहून द्या. बाकीचं म्या बघतो."

मांजर तापानं फणफणलं होतं. दोन दिवस उलट्या आणि जुलाब चालू होते.

"पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसतंय, पर पीत न्हाई," तो म्हणाला.

"आबा, हे विष नाही. मांजरांतली साथ आहे. तिच्यावर औषध नाही, सलाइन देऊन जगवता आलं तर बघू."

त्यानं काठी टेबलावर आपटली. "त्या शेजाऱ्याला वाचवू नका! मांजर मारल्याचं पाप सोन्याचं मांजर दान केलं तरी फिटत न्हाई."

मी सलाइनची सुई लावली. मग विचारलं, "शेजाऱ्याची मांजरं ठीक आहेत?"

"दोन व्हती. मागल्या आठवड्यात मेली."

"कशानं?"

"उलट्या करून करून..." तो थांबला. मांजराच्या पाठीवरचा त्याचा हातही थांबला. "म्हंजी त्याच्या मांजरांचं पाप त्यानं माझ्या माथी मारलं असंल, म्याच इख घातलं म्हून."

चिठ्ठी न मागताच तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सलाइनसाठी आला, तेव्हा काठी नव्हती. मांजराचे पुढचे पाय त्यानं धरले, मागचे सोबत आलेल्या शेजाऱ्यानं. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मांजर मात्र दोघांनी घट्ट धरलं होतं.