माझी बुजगावणी आणि दादाचा डावा हात

निवृत्त होऊन चौथा महिना लागला आणि मुलीने मला सर्जनशील करायचं ठरवलं. ती पेणला शाळेत शिकवते आणि रिकामा बसलेला माणूस तिला बघवत नाही. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. दर तासाला चार मीटर बघायचे, वहीत आकडे लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात शेरा टाकायचा: नॉर्मल. आयुष्यभर मी हा एकच शब्द लिहिला. आमच्या खात्यात स्वतःचं डोकं लावून बघणारे दोघे होते. त्यातल्या एकाच्या भुवया परत आल्याच नाहीत.

तर मुलीने पेणच्या एका हॉलमधल्या दोन दिवसांच्या शिबिरात माझं नाव घातलं. विषय होता, रोजच्या जगण्यात सर्जनशीलता. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी प्रत्येकाला शाडूच्या मातीचा गोळा दिला आणि डोळे मिटून मनात येईल ते घडवा म्हणाल्या. पेणात माणसाला मातीचा गोळा देऊन घडवायला सांगणं हे धाडसच. माझ्या शेजारी गणपतीच्या कारखान्यात जन्म घालवलेले एक म्हातारे होते, त्यांना सुनेने पाठवलं होतं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी पाच मिनिटांत सोंडेसकट गणपती केला, हात पुसले आणि डोळे उघडायच्या भानगडीत न पडता तसेच झोपून गेले. बाईंनी त्यांना हलकेच उठवून विचारलं की हे घडवताना आत काय वाटलं. ते म्हणाले, "सवय."

मी व्हॉल्व्ह केला. बाईंनी विचारलं, हे कशाचं प्रतीक आहे. मी म्हटलं, दोन इंची व्हॉल्व्हचं. त्या म्हणाल्या की माझ्या आत काहीतरी दाबून ठेवलेलं आहे. मी सांगितलं की दाबून ठेवायची ती वाफ. बाईंनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या, म्हणजे नॉर्मल नक्कीच नसणार.

शेवटी त्यांनी घरचा अभ्यास दिला. रोजचं एक काम रोज वेगळ्या पद्धतीने करायचं. शिस्तीचा माणूस मी, दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरुवात केली. डाव्या हाताने दात घासले आणि हिरडीतून रक्त काढलं. मिसळणाचे डबे रंगांप्रमाणे लावले, त्यामुळे बायकोने आमटीत हळदीच्या जागी बेसन टाकलं. चौथ्या दिवशी चहात कोकम घालून बघितलं. दूध फाटलं, ते फाटलेलंही मी गाळून दोघांच्या कपात ओतलं.

माझी बायको धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. उन्हात फावडं मारून वाढलेली बाई, शब्द वाया घालवत नाही. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमाला जे काय नवीन करायचा हाय ते वालात जाऊन करा. वानरांना काय फरक पडत नाय."

वाल म्हणजे आमचं वालाचं शेत. भात कापून झाला की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकतो. पाणी नको, खत नको, थंडी पडली की झालं. पण शेंगा धरल्या की डोंगरातून वानरं उतरतात, आणि ती आमच्यापेक्षा चवीने खातात. शेत रस्त्याला लागून आहे. धाटावला जाणाऱ्या शिफ्टच्या बसेस तिथूनच जातात. मी एकतीस वर्षं त्या बसच्या खिडकीतून स्वतःचं शेत बघितलं, उतरून मात्र सुट्टीच्या दिवशीच गेलो.

पहिलं बुजगावणं मी कंपनीच्या जुन्या निळ्या कपड्यांचं केलं. आत पेंढा भरला, वर पिवळं हेल्मेट ठेवलं. सकाळच्या बसमधली पोरं ओरडली, काका परत ड्युटीवर आले. मला ते आवडलं. दुसरं मी बायकोच्या जुन्या लुगड्याचं केलं, वाकून लावणी करणाऱ्या बाईचं. बायकोने लांबून बघितलं आणि सांगितलं की अशी वाकली तर बाई दोन दिवसांत कंबरेतून जाईल, गुडघे मोडायला पाहिजेत. मग तिनेच येऊन गुडघे मोडले. तिसरा बांधावर बसलेला, मान खाली घालून मोबाईल बघणारा. त्या तिसऱ्याला तर एका माणसाने रोह्याला जायला वाट विचारली. तो उत्तर देईना म्हणून आजकालच्या पोरांना वळण नाही असं पुटपुटत गेला.

वानरांनी पहिल्याच्या हेल्मेटमध्ये शेंगा सोलल्या. पण मला आता वानरांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. सकाळी उठलं की कधी शेतात जातो असं व्हायचं. माणूस उभा राहतो तेव्हा भार कुठल्या पायावर टाकतो, खांदा कुठला वर असतो, हे मी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचं बघायला लागलो. बायकांनी माझ्या बायकोकडे तक्रार केली की तुझा नवरा टक लावून बघतो. तिने त्यांना समजावलं की काळजी करू नका, तो फक्त आत पेंढा किती लागेल ते मोजतो.

चौथा म्हातारा करायचा होता. पोट सुटलेला, धोतर नेसलेला, बांधाकडे तोंड करून उभा. उजव्या हाताचं बोट पुढे केलं. डाव्या हाताला बांबू पुरला नाही, म्हणून बाहीत नुसता पेंढा भरून तो हात तसाच लोंबता सोडला. चार पावलं मागे जाऊन बघितलं, आणि माझ्या समोर माझा थोरला चुलत भाऊ उभा होता.

दादाचं शेत आमच्या शेताला लागून. मधल्या बांधावरून आमचं वाजलं त्याला अकरा वर्षं झाली. तो म्हणायचा मी बांध त्याच्या हद्दीत सरकवला, मी म्हणायचो त्याने सरकवला. खरं तर बांध दर पावसात खेकडे पोखरतात, पण खेकड्यांवर कोणी केस करत नाही. त्या भांडणानंतर मी घरात सांगून टाकलं होतं की त्या घराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. समोरून दादा येताना दिसला की मी मान फिरवायचो. तोही फिरवायचा. घरं तीस पावलांवर आणि अकरा वर्षं शब्द नाही.

खरं सांगायचं तर दादाला करायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण दिसल्यावर मी थांबलोही नाही. घरी जाऊन पांढरी टोपी आणली आणि तिरकी घातली, दादा घालतो तशी. मोडकी छत्री शोधली आणि मागे कॉलरला अडकवली, दादा अडकवतो तशी. मग पोटात आणखी एक पेंढी कोंबली. ती पेंढी मात्र मी पूर्ण शुद्धीत, दुष्टपणाने कोंबली.

दोन दिवस गावातली माणसं येऊन बघून गेली. मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. एकाने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बिडी न पेटवताच निघून गेला. दुसरा म्हणाला, "चांगला नाय केलास." मी घरी येऊन बायकोला सांगितलं की गावाला कला कळत नाही. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं की तो लोंबता हात मी कोणाच्या सांगण्यावरून केला. मी म्हटलं बांबू पुरला नाही.

मग तिने सांगितलं. श्रावणात दादाला झटका आला होता. पेणला दवाखान्यात दोन आठवडे होता. तोंड थोडं वाकडं झालं होतं ते सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण डावा हात गेला. सगळ्या गावाला माहीत होतं. माझी बायको दोनदा भाकरी घेऊन दवाखान्यात जाऊन आली होती, मला मुलीकडे जाते सांगून. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच बोललाव ना, त्या घराचा नाव काढायचा नाय."

बांबू पुरला नाही हे खरं होतं, पण बांबू अंगणात आणखी चार पडले होते. मी आणू शकलो असतो. मी तो हात लोंबता ठेवला, कारण तो तसा बरोबर दिसत होता. म्हणजे त्याच्या ओटीवरून मान फिरवता फिरवता माझ्या डोळ्यांनी दादाला बघून घेतलं होतं, तो हात बघितला होता, आणि मला मात्र काही कळू दिलं नव्हतं. आजारी भावाचं मी रस्त्यालगत चार लोकांत सोंग उभं केलं होतं, आणि वर त्याचं पोट वाढवलं होतं.

दुपारी विळा घेऊन मी बुजगावणं उतरवायला निघालो. शेतात पोचलो तर दादा बांधावर बसला होता. काठी शेजारी ठेवलेली, छत्री कॉलरला. तो स्वतःकडे बघत होता. पळून जावं असं वाटलं, पण त्याने मला बघितलं होतं. मी जवळ गेलो आणि म्हटलं की मला माहीत नव्हतं, आत्ता काढून टाकतो. अकरा वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे.

बोलताना त्याची जीभ थोडी जड झाली होती. म्हणाला, "हात बरोबर केलास. पोट एवढा नाय माझा."

मी म्हटलं, नाही.

"घरात सगळी म्हणतात, बरा होईल, बरा होईल. डॉक्टर पण. मला कोणी बघूच देत नाय, आरसा पण उचलून ठेवला." त्याने बुजगावण्याच्या लोंबत्या हाताकडे बोट केलं. मी विळा बांधाआड ठेवला. मग बुजगावण्याजवळ जाऊन जास्तीची पेंढी पोटातून ओढून काढली. त्याने आणखी थोडं काढ अशी खूण केली. मी काढलं. टोपीचा कोन चुकलाय म्हणाला, तोही सुधारला. दादाने आयुष्यभर गावातल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवात उभं राहून दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या आहेत, त्यामुळे त्याला सूर सापडायला वेळ लागला नाही.

मग त्याने मुद्द्याची गोष्ट काढली. म्हणाला, "आता ह्यो काढायचा नाय. पण तुझ्या जमिनीत माझा पुतळा कशाला? माझ्यात उभा कर."

मी बुजगावणं उपटलं आणि बांध ओलांडून त्याच्या बाजूला हातभर आत नेलं. तो म्हणाला, अजून इकडे, तिथपर्यंत तुझं आहे असं तू म्हणतोस ना. मी म्हटलं, मी कधीच असं म्हटलं नाही, माझी हद्द त्या दगडापर्यंत. तो म्हणाला दगड हललेला आहे. मी म्हटलं कोणी हलवला. अशा रीतीने बांधाची गोष्ट जिथे अकरा वर्षांपूर्वी सोडली होती तिथूनच आम्ही उचलली. भांडता भांडता त्याची जीभ मोकळी होत गेली. मी मध्ये बुजगावणं कंबरेला धरून उभा, दादा काठीने जमिनीवर रेघा मारतोय, आणि रस्त्यावरून दुसऱ्या शिफ्टची बस गेली. खिडकीतल्या पोरांना आमच्यातलं नक्की कुठलं पेंढ्याचं होतं ते कळलं असेल असं वाटत नाही.

शेवटी ते बांधावरच रोवलं. दोघांनाही ते पटलं नाही, म्हणून तिथेच राहिलं.

तेव्हापासून दादा रोज संध्याकाळी पाय ओढत शेतात यायला लागला. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं तेव्हा तो ओटीच्या खाली उतरत नव्हता. आता माझ्या चुका काढायला अर्धा किलोमीटर यायचा. पाचवं बुजगावणं आम्ही दोघांनी केलं. तो उजव्या हाताने धरायचा, मी सुंभ बांधायचो, आणि गाठ सैल आहे हे तो प्रत्येक गाठीला सांगायचा. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "गो बाय, घरातली कटकट गेली, तुमच्या वालात गेली." बायकोने मला ते हसत हसत सांगितलं. त्या दोघी अकरा वर्षं मागच्या कुंपणावरून रोज बोलत होत्या, हेही मला तेव्हाच कळलं.

त्याचा डावा हात काही सुधारला नाही. अंगठा थोडा हलतो, असं तो म्हणतो. मला हललेला दिसत नाही, आणि मी तसं सांगतो. वानरांनी निम्म्याहून जास्त वाल खाल्ला. उरलेल्या शेंगांची आम्ही शेतातच पोपटी लावली, मडक्यात भांबुर्ड्याचा रानपाला नि शेंगा भरून मडकं जाळात भाजलं, आणि दोन्ही घरं एकत्र जेवली. मीठ कमी होतं. मिठागरवाल्यांच्या मुलीसमोर हे बोलायची हिंमत फक्त दादाने केली.

भांडणात दोघांनी केलेले बांधाच्या मोजणीचे अर्ज मात्र मागे घेतलेले नाहीत, त्यानेही आणि मीही. तारखेला रोह्याच्या मोजणी कचेरीत जावं लागतं. त्याला बसची पायरी चढता येत नाही, म्हणून मी त्याला माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेतो. उजव्या हाताने तो माझा खांदा पकडतो आणि वाटेत मला समजावून सांगतो की साहेबांसमोर माझी बाजू कशी कच्ची पडणार आहे.