तळमजल्याच्या चिठ्ठ्या

तुमच्या तिकडे नवी वसाहत आखताना घरोघरी कागद वाटून लहानथोरांना काय हवं ते विचारतात, असं तू फोनवर सांगितलंस. तसा कागद मीही वाटला होता, मुलुंडला, ऐंशीनंतरच्या वर्षांत.

आमची बैठी चाळ पाडून तिथे सोसायटीची तीन मजली इमारत उठणार होती. मला इंग्रजी येतं, अक्षर बरं आहे, म्हणून सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. मी प्रत्येक घरासाठी एक कागद केला: साठीच्या वरचे किती, पाचाच्या आतले किती, त्यांना काय हवं. गिरणीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "माका पायरेर बसाक जागा होयी. बाकी तुमी काय ता बघा."

लिफ्ट परवडणार नव्हती. तळमजल्यावर सहाच घरं, आणि कागद मोजले तर तळमजला मागणारी अकरा. त्यात आमचंही होतं. तुमच्या पणजीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे पार गेले होते. ओट्यावरून उतरायलासुद्धा त्यांना माझा खांदा लागे.

सभेत मी सुचवलं की तळमजला म्हाताऱ्यांना द्यावा. लगेच एकजण म्हणाला, "आणि आजी गेल्यावर काय, घर परत करणार?" दुसऱ्याची बायको दिवसांत होती. तिसऱ्याच्या लेकीला पोलिओ झाला होता, ती पायाला पट्टे बांधून चालायची. तिचं नाव निघाल्यावर मीच माझी सूचना मागे घेतली. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. मी त्याला एक कलम जोडलं: चिठ्ठी निघाल्यावर अदलाबदल नाही. जवळच्याच एका सोसायटीत दांडग्या सभासदांनी एका विधवेला दमदाटी करून घर बदलायला लावलं होतं, ते डोक्यात होतं. 'सर्वानुमते मंजूर' असं मीच वहीत लिहिलं.

चिठ्ठ्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातून काढाव्यात, असं अध्यक्षांनी सुचवलं. म्हणून सासूबाईंना खुर्चीत बसवून त्यांच्या मांडीवर पितळी डबा दिला. त्या नव्या लुगड्यात खुशीत होत्या. आमचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांनी डबा हलवला, डोळे मिटले, चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिसरा मजला. पोलिओच्या मुलीला दुसरा मिळाला.

दोन दिवसांनी तळमजला मिळालेला नवविवाहित मुलगा घरी आला. "काकू, आम्ही दोघं धडधाकट. आजींना खाली घ्या. आम्हाला वर वारा तरी मिळेल."

मी त्याला घेऊन अध्यक्षांकडे गेले. पोलिओ झालेल्या मुलीचे वडील तिथे आधीच बसलेले होते. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, कलम तुम्हीच घातलंत ना? तुमच्यासाठी मोडलं, तर उद्या मी बाकीच्यांना काय सांगू?"  मुलीचे वडील नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि परत आले. वेगळं काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही सुचलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्याच हातानं काढली गं, बोल कुणाला लावू?"

राहायला गेलो त्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर नेलं. प्रत्येक वळणावर त्या त्यांना "हळू रे, मी काय कपाट आहे?" म्हणून हसवत होत्या. वर आल्यावर खुर्ची खिडकीशी ठेवली. माणसं निघून गेली. त्यांनी खाली पाहिलं, मग मला विचारलं, "आता मला खाली कधी नेणार?"

मी चहा टाकायला आत गेले.